व्हिक्टोरिया ते सेंट जॉन्स, व्हाया तोयोसु

३ सप्टेंबर २००७, सोमवार. सकाळी सव्वापाच. तोयोसु, टोकियो.

इथे उजाडतं भलतंच लवकर. घरात सगळी झोपलेली. आजपासून ही रोजनिशी. कोणी वाचायची नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची भीती नाही.

येऊन पाच दिवस झाले. सत्यजित ऑफिसच्या कामात बुडालेला. इथल्या कॉम्प्युटर कंपनीत त्याला सहा वर्षं झाली. सूनबाई अक्षया सकाळी एका बेकरीत पार्टटाइम जाते, त्याला इथे बाइतो म्हणतात. नात कस्तुरी दुसरीत. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. चालायचंच. समजतं तिला सगळं.

मुख्य गोष्ट. कॅनडाचं झालं! तीन वर्षं अडकलेलं काम सुटलं. डिसेंबरात टोरांटोला कायमचं जायचं. सत्यजित फोनवर म्हणाला होता, बाबा, जाण्याआधी तुम्ही इकडे या, जरा एकत्र राहू. सरळ आहे. चौघांनी इथे जमायचं, चौघांनी तिथे जायचं.

योग म्हणतात तो हाच. जकात नाक्यावर उभी हयात कारकुनी केली. समोर हायवे. ट्रक आला, पावती फाडली, ट्रक गेला. मी तिथेच. मग एकदा फुटपाथवर कॅनडाचा जुना रोड अ‍ॅटलस मिळाला. कव्हर फाटलेलं, मॅनिटोबावर कोणीतरी कॉफी सांडलेली. माझं इंग्रजी त्यातूनच झालं. इंटरचेंज, ओव्हरपास, फेरी. पुढे लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. नंदिनी म्हणायची, अहो, शनिपाराहून तुळशीबागेत जायचं तर तुम्ही दोघांना विचारता, आणि ओंटारियोत पेट्रोल पंप कुठे आहे ते तुम्हाला पाठ. खरं होतं ते. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आज असती तर म्हटलं असतं, बघ.

ट्रान्स-कॅनडा हायवे. व्हिक्टोरिया ते सेंट जॉन्स. पुण्याहून कन्याकुमारीला पाच वेळा जाण्याइतका लांब, आणि मध्ये दोनदा समुद्र. फेरीत गाडीसकट बसायचं.

निघण्यापूर्वी कर्वेनगरचं घर अकरा महिन्यांच्या करारावर देऊन आलो. अंबरीष टिपणीस म्हणून मुलगा आहे, बायको बाळंतपणाला आलेली. सत्यजितला सांगितलं नाही. विमानात बसल्यावर सांगणार. म्हणेल, बाबा, तुम्ही म्हणजे अगदी तयारीचे.

परतीचं तिकीट २७ नोव्हेंबरचं आहे. इथला व्हिसा तीन महिन्यांचाच मिळतो, त्यासाठी दाखवायला लागतं म्हणे. पुढे रद्द करून टाकू.

संकल्प: रोज एक तरी पूल बघायचा. ड्रायव्हिंग शिकायचं. अक्षयाच्या फोडणीत लक्ष घालायचं नाही.

४ सप्टेंबर

फोडणीत मोहरी कमी पडते. सांगितलं. शेवटचं.

९ सप्टेंबर, रविवार

पोहे खाताना प्लॅन मांडला. विमानाने थेट टोरांटोला जाणं म्हणजे ताटावरून नुसता हात फिरवून उठणं. आपण व्हँकूवरला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, आणि रॉजर्स पासचा घाट, बॅन्फ, मग सपाट प्रेअरी, मग सुपीरियर सरोवराच्या कडेकडेने निघायचं. बॅन्फला हायवेवरून खास जनावरांसाठी पूल बांधलेत. वर माती, गवत, झाडं. अस्वलांना सुरुवातीला विश्वास वाटेना. काही वर्षं लागली. मग आया पिल्लांना घेऊन यायला लागल्या. कस्तुरी ऐकत होती. तिने काहीतरी विचारलं. सत्यजितने मराठीत सांगितलं: ती विचारतेय, हा पूल तुझा आहे हे अस्वलाला कोणी सांगितलं? पोरगी हुशार. 

सत्यजित म्हणाला, बाबा, डिसेंबरात तिथे गुडघाभर बर्फ असतं, आणि गाडी चालवणार कोण? सहा वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मी म्हटलं, तू लाव हात, नकाशा मी बघतो. नंदिनीच्या लूनावर मागे बसून इतकी वर्षं रस्ता कोण सांगत होतं? अक्षया हसली. म्हणाली, आई मला सांगायच्या, हे डावीकडे म्हणाले की मी डोळे मिटून उजवीकडे वळते. मीही हसलो. नंदिनीला असं सांगायची सवय होती.

मग सत्यजित घसा खाकरून म्हणाला, बाबा, एक बोलायचं होतं. आवाज जड. एवढा देश सोडून दुसरा देश म्हणजे पोराला ओझं झालंच असणार. म्हटलं, जरा हलकं करावं. क्वेबेकच्या पुलाचं काढलं. बांधतानाच कोसळला, १९०७ साली. पुन्हा घेतला, १९१६ साली मधला भाग चढवताना पुन्हा नदीत. तरी तिसऱ्यांदा उभा केला, आणि आज त्यावरून गाड्या जातात. सविस्तर सांगितलं. कॅन्टिलिव्हर म्हणजे काय ते दोन चमचे आणि लोणच्याच्या बरणीवर दाखवलं. कस्तुरी उठून गेली. पोहे गार झाले. सत्यजितचं बोलणं राहून गेलं.

राहू दे. रविवारी कोणी जड बोलू नये.

१६ सप्टेंबर, रविवार. दुपारी चार.

मराठी मंडळाच्या गणपतीला जाऊन आलो. हॉल भाड्याचा, चपला रांगेत, आरती दणक्यात. सगळी आपली आयटीची पोरं. बायका पैठण्या नेसून ट्रेनने आलेल्या. प्रसादाच्या वाट्या धुवून, पुसून, पुन्हा खोक्यात भरणं हेही तालात चाललेलं. इथल्या हवेचा गुण.

ओळखी करून घेताना सगळ्यांना सांगितलं, आम्ही डिसेंबरात कॅनडाला चाललो. माइक हातात होता म्हणून कॉन्फेडरेशन ब्रिजबद्दलही दोन शब्द बोललो. समुद्रावरून तेरा किलोमीटर, खाली हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या वाहतात. आणि गंमत म्हणजे बेटावर जाताना टोल नाही, बेट सोडताना घेतात. मी जकातीतला माणूस, मला हे फार पटलं. येणाऱ्याला अडवायचं नाही. टाळ्या पडल्या. आरतीला उशीर झाला थोडा.

नंतर तो विवेक भेटला, मंडळाचा खजिनदार. म्हणाला, काका, तुम्हीपण जाणार? कसं काय? आईवडिलांचं तिथे फार लांबतं हो, आमच्या सासऱ्यांना चार वर्षं झाली, अजून वाटच बघतायत. मी म्हटलं, तुमच्या सासऱ्यांना रस्ते ठाऊक नसतील. तो मोदकाचं ताट घेऊन निघून गेला. बोलण्यात मार्दव नाही त्याच्या.

अक्षया खाली बघत होती. मोदकाची पारी फुटली होती तिची, त्यामुळे असेल.

येताना ट्रेनमध्ये कोणी काही बोललं नाही. जपानात ट्रेनमध्ये बोलत नाहीत. चांगली पद्धत आहे.

२९ सप्टेंबर, शनिवार

ड्रायव्हिंगचा श्रीगणेशा. समोरच्या मॉलमध्ये खेळांचं दालन आहे, तिथे गाडीचं मशीन. खरी सीट, खरं स्टिअरिंग. कस्तुरीने नाणं टाकलं. पहिल्याच वळणावर पूल आला. झुलता पूल, फार देखणा. लायन्स गेटची आठवण झाली. मी तारा किती आहेत ते बघत होतो तेवढ्यात गाडी कठडा तोडून समुद्रात. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मात्र उलट्या दिशेने का होईना, पूल पार केला.

कस्तुरी हसून हसून जमिनीवर बसली. ओजीचान, म्हणजे आजोबा, हेता, हेता, म्हणत होती. घरी अक्षयाला विचारलं, हेता म्हणजे काय. म्हणाली, ढ.

पण हात धरून आली घरापर्यंत. पूर्ण रस्ता. सिग्नललाही सोडला नाही.

हात धरून चालणारी पोरं इथे दिसत नाहीत. एकटी शाळेत जातात, पिवळी टोपी घालून.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार.

अक्षया बेकरीतून लवकर आली. येताना माझ्यासाठी लाल बीनचा पाव. चहा केला. समोर बसली. म्हणाली, बाबा, आज तुम्ही मला मध्ये तोडायचं नाही हं. आणि तिलाच बोलता येईना. डोळे भरले.

बिचारी. चार वर्षांची बेकरी, मालकीणबाई लेकीसारखं वागवते, सोडून जायचं म्हणजे जिवावर येणारच. म्हटलं, अगं, टोरांटोत काय बेकऱ्या नाहीत? मग तिला माँट्रियलचा पूल सांगितला. नदीवर सरळ आला, आणि गावात शिरताना एकदम वाकडा. का, तर म्हणे एका साबणवाल्याने कारखान्याची जागा सोडली नाही. एवढा लोखंडी पूल, पण एका म्हाताऱ्यापायी वाकला. ऐकून ती हसायला लागली, आणि हसता हसता जास्तच रडली. पदर नव्हता, टीशर्टच्या बाहीने डोळे पुसले.

मग म्हणाली, बाबा, पुण्यात तुमच्या जवळचं असं कोण आहे हो आता?

मी म्हटलं, कोणी नाही. सत्यजितच्या आईची बहीण सरोजिनी तळेगावला, तीही आपल्या संसारात. तेव्हा माझी पुण्याची काळजीच करू नका, मी तिथला मोकळाच आहे.

ती उठून बाथरूममध्ये गेली. पाणी बराच वेळ चालू होतं. पाणी वाया घालवते, एवढा एकच दोष तिच्यात. बोललो नाही. संकल्प पाळला.

२१ ऑक्टोबर, रविवार

घरात बाजार. जपान सोडून जाणारे लोक सामान विकतात, त्याला सायोनारा सेल म्हणतात. फ्रिज, भात शिजवायचं मशीन, मिक्सर, गणपतीचं मखर. आपलीच माणसं येतात, घासाघीस आपल्यासारखीच करतात, फक्त बूट काढून. मी मखर दोन घरांत भांडण लावून चांगल्या किमतीला खपवलं.

प्रसन्न म्हणून मुलगा आला, नुकताच पुण्याहून आलेला, बायकोला पुढच्या महिन्यात आणणार. त्याने माझ्या खोलीतला पलंग घेतला. मी स्वतः उशा बाजूला करून गादी दाबून दाखवली. म्हटलं, पाठ दुखत असेल तर या पलंगाला तोड नाही. त्याने विचारलं, कधी नेऊ? सत्यजित म्हणाला, सत्तावीस नोव्हेंबरनंतर कधीही.

आपण निघणार डिसेंबरच्या दहाला. मधले दिवस मी कुठे झोपणार? सत्यजितला हिशेब जमला नाही. अभियंता माणूस, पण घरगुती हिशेब नाही जमत. जमिनीवर झोपेन कस्तुरीशेजारी. पाठीला चांगलं.

हे त्याला सांगायला गेलो. तो मखराची दोरी बांधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, बाबा, बसा ना जरा, बोलू. म्हटलं, आधी दोरी नीट बांध. प्रसन्नला पलंगाचे नटबोल्ट दाखवायला गेलो.

३ नोव्हेंबर, शनिवार

आज सामान गेलं. काय माणसं! मोजे घालून आले, भिंतींना पुठ्ठे लावले, दीड तासात घर रिकामं, जाताना कमरेत वाकून नमस्कार. आपल्याकडे कपाट नेताना जिना सोलून निघतो.

एक चूक मात्र वेळेवर लक्षात आली. सत्यजितने कॅनडाला जायच्या खोक्यांना निळी चिठ्ठी लावली होती, आणि माझ्या मोठ्या बॅगेवर लाल, इंडिया. सकाळच्या गडबडीत हातातली चिठ्ठी लागली असणार. पोरं रात्ररात्र जागून भरत होती, होतं असं. त्याला सांगितलं तर पुन्हा ओशाळणार. हळूच लाल काढली, निळी लावली. एका खोक्यावर दोन निळ्या होत्या, त्यातलीच.

बॅग उचलून नेणाऱ्या पोराला म्हटलं, कॅनडा. तो म्हणाला, हाय, म्हणजे हो, कानादा. आणि छातीशी धरून नेली, तान्ह्या बाळासारखी.

आता माझं सामान सगळ्यांच्या आधी जहाजात. अ‍ॅटलस, पुलांच्या फायली, गरम कपडे, जादाचा चष्मा. व्हँकूवर बंदर, मग ट्रकने रॉजर्स पास. माझ्याआधी बॅग जाऊन येणार तिथून. जरा हेवाच वाटला.

रिकाम्या घरात आवाज घुमतो. कस्तुरी ओरडून बघत होती. मीही एकदा ओरडून बघितलं.

११ नोव्हेंबर, रविवार

परवाची दिवाळी झाली. रिकाम्या हॉलमध्ये पणत्या, चकल्या वर्तमानपत्रावर. चांगली झाली.

आज सत्यजित म्हणाला, बाबा, रेनबो ब्रिज चालत पार करू, आपण दोघंच. तोयोसुहून बिनड्रायव्हरची गाडी जाते. मी म्हटलं, बघ, ड्रायव्हर नाही तरी जाते. तो हसला नाही.

पुलावर चालायची वाट आहे. शेजारून ट्रक धडधडत जातात, पायाखाली पूल थरथरतो. थरथरायलाच हवा, ताठ राहिला तर मोडेल. हे त्याला सांगत होतो. मधोमध आल्यावर तो थांबला. म्हणाला, बाबा, आता माझं ऐका. घरात तुम्ही बोलूच देत नाही.

म्हणाला, तुम्हाला नेता येत नाहीये. आमचं तिघांचंच झालंय. आधी आम्ही तिथे बस्तान बसवायचं, मग तुमच्यासाठी अर्ज, मग किती वर्षं ते कोणी सांगत नाही. तीनदा चौकशी केली. म्हणूनच तुम्हाला इथे बोलावलं, निदान तीन महिने तरी. फोनवरच सांगायला हवं होतं मी. तुम्ही एवढे खूश झालात की तोंड उघडेना.

ट्रक जात होते. नीट ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, मला माहीत होतं रे.

तो म्हणाला, माहीत होतं? मग ते व्हँकूवर, ते नकाशे? मी म्हटलं, ते आपलं बोलायला.

मग तो रडला. कठड्याला दोन्ही हात धरून, शाळेत पहिला नंबर हुकला होता तेव्हा रडला होता तसा. त्याला आता टक्कल पडायला लागलंय. पाठीवर हात ठेवला. म्हटलं, चष्मा सांभाळ, खाली पाणी आहे.

 पुलाची लांबी, मनोऱ्यांची उंची लिहून घ्यायची होती. राहिली.

मला माहीत होतं, असं म्हणालो खरं. इथे लिहून बघितलं. खोटं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर. पहाटे.

बॅग!

१२ नोव्हेंबर, दुपार

सत्यजितला सांगावं का? बॅगेचं सांगितलं तर चिठ्ठी का बदलली ते सांगावं लागेल. आणि घराचं सांगितलं, भाड्याने दिलंय म्हणून, तर हा जायचाच नाही. नाही तर गेला तरी मान मागे वळवून जाईल. दोन्ही नाही सांगणार. ठरलं.

घर काय, टिपणीसांना समजावून सांगता येईल. सज्जन माणसं. महिन्याभरात सोडतील. मार्ग निघतोच.

२६ नोव्हेंबर, सोमवार

अक्षया माझी बॅग भरायला आली. कुठाय बॅग? म्हटलं, जुनी झाली होती, प्रसन्नला दिली, त्याला गावाकडे न्यायला हवी होती. आणि गरम कपडे? त्यातच. पुण्यात काय करायचेत. ती म्हणाली, तुम्ही कर्णाचेच अवतार. कस्तुरीची शाळेची जुनी पाठीवरची पिशवी रिकामी होती, तीत माझे चार कपडे बसले.

सत्यजितने विचारलं, घर झाडून ठेवायला कोणाला सांगू का? दोन-तीन महिने बंद आहे. म्हटलं, काही नको. अगदी राहतं असल्यासारखं असेल.

२७ नोव्हेंबर, मंगळवार. नारिता विमानतळ.

शाळा बुडवून कस्तुरी आली. सत्यजित म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला फिरायला तरी बोलावतो, बाबा, व्हिसा मिळाला की. मी म्हटलं, सावकाश. अक्षया वाकून नमस्कार करायला लागली. म्हटलं, अगं, लोक बघतायत. ती म्हणाली, बघू देत.

आत आल्यावर वळून बघितलं नाही. मागून लोक येत होते, रांग अडली असती.

३ डिसेंबर, सोमवार. तळेगाव.

सरोजिनीकडे आहे. तात्पुरता.

परवा कर्वेनगरला गेलो. बोलायचं काय ते रिक्षात तयार केलं होतं. दार टिपणीसच्या बायकोने उघडलं. म्हणाली, या ना काका, कॅनडाहून कधी आलात? आत गेलो. नंदिनीने झोपाळ्यासाठी छताला कड्या लावून घेतल्या होत्या, त्यांना पाळणा टांगलेला. मुलगी झालीय. काजळाची तीट, मुठी आवळलेल्या. चहा घेतला. बाळाच्या हातावर काहीतरी ठेवलं. म्हटलं, नळ वगैरे ठीक आहेत ना, एवढंच बघायला आलो होतो.

करार जुलैपर्यंत आहे.

सरोजिनी म्हणाली, काय भाऊजी, कॅनडा तळेगावच्या अलीकडे लागलं की पलीकडे? तिचे यजमान श्यामराव म्हणाले, अगं, त्यांना हातपाय धुऊ देत आधी. ती म्हणाली, पाठीवर शाळेचं दप्तर घेऊन आलेत, मला वाटलं पोराला शाळेतून हाकललं. तोंडाने फटकळ, पण हॉलमधल्या दिवाणावर नवी चादर घातली. माझ्या ताटात भाकरी न विचारता वाढते.

संकल्प: घरात मदत करायची. पुलांबद्दल विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

११ डिसेंबर

ते तिघे काल निघाले. विमानाचा मार्ग बघायला अ‍ॅटलस लागला असता. श्यामरावांकडे भिंतीवर भारताचा नकाशा आहे, बँकेने दिलेला.

२४ डिसेंबर

पुलांबद्दल कोणी विचारलं नाही.

१९ जानेवारी २००८, शनिवार. सकाळी साडेनऊ.

सत्यजितचा फोन. तिकडे रात्र. मोबाइलवरच करतो, घरचा फोन बिघडलाय असं सांगून ठेवलंय.

म्हणाला, सामान आलं, बाबा. आणि त्यात तुमची बॅग आहे.

मी विचारलं, कुठल्या वाटेने आली? म्हणाला, व्हँकूवरपर्यंत बोट. मी विचारलं, आणि तिथून? रॉजर्स पासवरून? म्हणाला, रेल्वेने, बाबा. कंटेनर सगळे रेल्वेनेच येतात. मी विचारलं, रस्त्याने अजिबात नाही? आली ना, म्हणाला, यार्डातून आमच्या बिल्डिंगपर्यंत ट्रकने आली.

मग म्हणाला, तिच्यावर निळी चिठ्ठी होती. मी लाल लावली होती.

म्हटलं, ती माणसं घाईत होती. काहीतरी झालं असेल त्यांचं.

जपानी माणसांचं असं होत नाही, बाबा, म्हणाला.  फोनचं बिल त्याचं, तरी पुढे बोलला नाही.

स्वयंपाकघरातून सरोजिनीने हाक मारली, भाऊजी, थालीपीठ गार होतंय, येताय की गायीला घालू? सत्यजितने विचारलं, कोण आहे घरात? म्हटलं, शेजारच्या बाई आहेत, नाश्ता आणून देतात. तो म्हणाला, मावशीसारखा आवाज वाटला. मी म्हटलं, सगळ्या बायका सारख्याच ओरडतात.

बॅगेचं काय करू म्हणाला, परत पाठवू? म्हटलं, वेडा आहेस का. अ‍ॅटलस आणि फायली रद्दीत दे. तिकडे रद्दीवाला येत नसेल तर कचऱ्यात, कागदाच्या. त्याने फोन अक्षयाकडे दिला.

अक्षयाने आधी थंडीचं सांगितलं. नाकातलं पाणी गोठतं म्हणाली. कस्तुरीला शाळेत कोणाचं काही कळत नाही, ती घरी येऊन मराठी बोलते आता. खूप बोलते. आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, बाबा, तुमच्या बॅगेतला तो मोठा कोट, सत्यजित कालपासून घालतोय. त्याचा टोकियोचा कोट इथे पुरत नाही. नवा घेऊ म्हटलं तर ऐकत नाही. ऑफिसलाही तोच घालून गेला.

विचारलं, होतो का त्याला?

म्हणाली, अंगात बसतो, पण हातांना आखूड. मनगटं उघडी राहतात.

म्हटलं, हात खिशात घालायला सांग.